काचेवर माहूल

बावीस वर्षं मी काचा वाचते,
परळच्या एका लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि डॉक्टर दस्तूर सगळ्यांना ‘दीकरा’ म्हणतात.

आज ट्रेमध्ये पहिलीच :
तांडेल हेमलता, स्त्री, बावन्न, राहणार माहूल.
फुप्फुस उजवं, वरचा कप्पा.
फॉर्मवर नेहमीच्या चौकटी.
धूम्रपान : नाही. मशेरी : नाही.
घरात कुणी ओढतं : नाही.
व्यवसाय : सुकी मासळी.
खिडकी कुठल्या बाजूला उघडते
हे विचारणारी चौकट छापलेलीच नसते.

जांभळा-गुलाबी रंग चढवला
की सगळ्यांची फुप्फुसं सारखी,
असं मी नव्या मुलींना शिकवते.
ते पूर्ण खरं नाही.

कडेला बघा गं, म्हणते,
त्या फुगीर पेशी. झाडूवाल्या.
आत येईल ते गिळायचं, एवढंच त्यांना ठाऊक.
हिच्या झाडूवाल्यांच्या पोटात काजळी,
तव्याच्या बुडाला धरते तशी.
गिळली, पण पचली नाही.
मरताना तोच ऐवज खाली ठेवतात
आणि मागून आलेली तो उचलते.

नळीच्या अस्तरावर बारीक केस असतात,
रात्रंदिवस कचरा वर वल्हवत राहणारे.
इथे नुसती मोडकी वल्ही.

आणि मधोमध तो घोळका,
रांग विसरलेला,
एकमेकींच्या अंगावर रेललेला.

हे कालपरवाचं नाही.
कधीतरी, तिशीत म्हणा, एका पेशीत एक अक्षर चुकलं असेल.
चुकतंच. तुमच्यातही, माझ्यातही.
चुकलेली बिचारी झोपून असते, पुष्कळदा जन्मभर.
मग धूळ येते,
केसाच्या जाडीत तीस कण मावतील इतकी बारीक;
शेजारणींना सूज चढते,
त्या मदतीला हाका मारतात,
आणि त्या हाकांनी
भलतीच जागी होते.

शंभर जणी तीच हवा घेतात.
ट्रेमध्ये नाव एकीचं.
का, ते काच सांगत नाही.
म्हणून काच कोर्टात टिकत नाही, असं दस्तूर म्हणतात
आणि उगाच चष्मा पुसत बसतात.

डबा खाल्ल्यावर मी एक चोरटं काम केलं.
चेंबूरच्या माझ्या घरच्या कठड्यावर
सकाळी सेलोटेपची पट्टी दाबून आणली होती,
ती लेन्सखाली ठेवली.
काळे गोळे. टायरचं सालपट.
मिठाचा एक खडा, चौकोनी, अगदी देखणा.
कसलासा पराग.
ह्याच कठड्याशी माझी मुलगी परीक्षेचा अभ्यास करते,
हवा येते म्हणून.

चार वाजता काउंटरवर बाई स्वतःच आली.
हातात पिशवी, पिशवीला जवळ्याचा वास.
रिपोर्ट उद्या, म्हटलं.
‘बाय, बिडीचा धूर मी कदी घेतला नाय.
बोंबलांचा वास तर नाय ना लागला?’
नाही हो, मासळीचं काही नाही.
तिचा चेहरा केवढा मोकळा झाला.
‘मंग धंदा चालू ठेवते.’

मला राहवलं नाही.
घराची खिडकी कुठे उघडते हो तुमच्या?
‘टाक्यांकडं. बोंबील बी थयंच वालत घालते.
वारा लय गोड येतो.’

फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं :
खिडकी टाक्यांकडे.

सहीला घेतल्यावर दस्तूर तिथे थांबले.
मला वाटलं, आता खोडरबर मागणार.
‘दीकरा, पेन्सिल पुसली जाते,’ म्हणाले,
आणि आपलं पेन पुढे केलं.

मी ते शाईनं गिरवलं.
फॉर्म फायलीत गेला, फाइल कपाटात.
बादली काठोकाठ भरली होती,
ती ओतायला उठले.